वर्गात उच्चारलेले एक वाक्य

पत्राचा सारांश : नाशिकमधील एका महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने हे पत्र लिहिले आहे. तृतीय वर्षाच्या वर्गासाठी त्यांनी पॅलेस्टाइन आणि इस्रायल यांच्या इतिहासावर दोन भागांचे चर्चासत्र ठरवले होते. पहिल्या भागात गाझात मारल्या गेलेल्या मुलांविषयी बोलणे चालू असताना मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "हिटलरने काम अर्धवट सोडले, तेच चुकले." काही जण हसले. बाईंनी "विषयाला धरून बोला" एवढेच म्हटले आणि तास पुढे नेला. दोन दिवसांनी एक विद्यार्थिनी त्यांना ग्रंथालयाच्या जिन्यात भेटली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, आम्ही बेने इस्राएल आहोत. आडनावावरून कुणाच्या लक्षात येत नाही." (बेने इस्राएल म्हणजे महाराष्ट्रातला मराठी बोलणारा ज्यू समाज.) त्यानंतर ती त्यांच्या तासाला आलेली नाही. दरम्यान एका सहकाऱ्याने, हे चर्चासत्रच ज्यूद्वेष पसरवणारे आहे अशी लेखी तक्रार केली आणि सोबत ज्यूद्वेषाची एक आंतरराष्ट्रीय व्याख्या जोडली. प्राचार्यांनी दुसरा भाग तूर्त थांबवण्यास तोंडी सांगितले. गाझातील मुलांविषयीचा प्रश्न ज्या मुस्लिम विद्यार्थ्याने विचारला होता, तो आता "हे सगळे माझ्यामुळे झाले का?" असे विचारतो आहे. बाई लिहितात, "चर्चासत्र घेतले तर त्या मुलीवर अन्याय, रद्द केले तर अध्यापनाच्या स्वातंत्र्यावर घाला. दोन्हींचा समतोल कसा साधू? आणि त्या मुलीला फोन करू की तिला तिच्या मनाप्रमाणे राहू देऊ?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि दर वेळी 'समतोल' या शब्दापाशी अडखळले. तुम्ही तुमच्यापुढचा प्रश्न तराजूसारखा मांडला आहे : एका पारड्यात अध्यापनाचे स्वातंत्र्य, दुसऱ्यात त्या विद्यार्थिनीचा सन्मान, आणि एक वर गेले की दुसरे खाली जाणारच. पण त्या दिवशी वर्गात प्रत्यक्ष काय घडले ते पाहा. एका मुलाने साठ लाख माणसांच्या हत्येविषयी एक वाक्य उच्चारले आणि त्याला कुणी "कशावरून?" असे विचारले नाही, म्हणजे स्वातंत्र्य ज्यासाठी असते ती चिकित्सा झालीच नाही. त्याच दोन मिनिटांत एका मुलीला कळले की या खोलीत आपल्यासारख्या ज्यू माणसांच्या मरणावर हसता येते आणि त्यावर कुणी काही बोलत नाही. दोन्ही गोष्टी एकाच मौनात गमावल्या गेल्या. म्हणून त्या एकाच कृतीने परतही मिळवता येतील असे मला वाटते, आणि ती कृती चर्चासत्र रद्द करणे ही नाही.

हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात शिकवत असताना माझ्या वर्गात आरक्षणावरच्या चर्चेत एका मुलाने एका जातीविषयी अत्यंत हीन शेरा मारला. मी घाबरले, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, "चला, पुढच्या मुद्द्याकडे वळू या." तिसऱ्या बाकावरचा एक विद्यार्थी शाईच्या पेनाने टिपणे घेत होता. त्याने पेनाला टोपण लावले, पेन वहीच्या कडेशी अगदी सरळ ठेवले आणि तास संपेपर्यंत त्याला हात लावला नाही. पुढच्या आठवड्यापासून तो शेवटच्या बाकावर बसू लागला. मी त्याच्याशी कधी बोलले नाही, कारण काय बोलावे ते मला सुचत नव्हते, आणि नंतर वर्ष संपले. तुमच्या हातात अजून वर्ष शिल्लक आहे.

आता अध्यापनाच्या स्वातंत्र्याविषयी. अमेरिकेतील प्राध्यापकांच्या संघटनेने १९१५ मध्ये आणि युनेस्कोने १९९७ मध्ये त्याची जी मांडणी केली, तिच्यात स्वातंत्र्याला जोडूनच अभ्यासकाची जबाबदारी सांगितलेली आहे : पुरावा, प्रामाणिकपणा, विरोधी मताची योग्य दखल. आपल्या संविधानातील कलम १९(१)(अ) प्रत्येक नागरिकाला बोलण्याचे स्वातंत्र्य देते, पण वर्गातले स्वातंत्र्य त्याहून वेगळ्या जातीचे आहे. चहाच्या टपरीवर माणूस वाटेल ते बोलून पैसे देऊन निघून जातो. वर्गात वाक्य उच्चारले की त्याला पुराव्यासमोर उभे राहावे लागते, आणि ते उभे करणे हे शिक्षकाचे काम असते. त्या मुलाचे वाक्य तपासणे म्हणजे त्याची गळचेपी, असे तुम्हाला वाटले असावे. माझ्या मते न तपासता सोडण्यानेच वर्गाचा टपरीवरचा कट्टा झाला.

त्या वाक्याकडे जरा जवळून पाहू या. मराठीत 'हिटलर' हा शब्द आपण काय अर्थाने वापरतो? कडक वडील, शिस्तीचे मुख्याध्यापक, कुणाचे न ऐकणारा साहेब. 'हिटलरशाही' म्हणजे मनमानी. आपल्या बोलीत त्या नावातला खून पुसला गेला आहे आणि उरला आहे तो केवळ दरारा. त्याचे आत्मचरित्र आपल्याकडे पुस्तकांच्या दुकानांत यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते. एकवीस वर्षांच्या मुलाच्या तोंडी ते वाक्य येण्यामागे द्वेष किती आणि अज्ञान किती, हे मला पत्रावरून कळणार नाही, तुम्हालाही अंदाजाने नाही; त्याला विचारावे लागेल. पण तो द्वेष असो वा अज्ञान, वर्गाला माहिती मिळायलाच हवी. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले, ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री त्यांची प्रार्थनास्थळे जाळली गेली, जानेवारी १९४२ मध्ये बर्लिनजवळ वान्झे येथील बैठकीत अधिकाऱ्यांनी एका संपूर्ण समाजाच्या संहाराची कार्यालयीन आखणी केली. आणि त्याच हिटलरने आपल्या पुस्तकात भारतीय स्वातंत्र्यसैनिकांची टर उडवली आहे; भारत इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला आपल्याला आवडेल, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे. हा उतारा वर्गात मोठ्याने वाचून घ्या. त्यावर तुम्हाला फारसे भाष्य करावे लागणार नाही.

दुसरे एक गृहीतक मला तुमच्या पत्रात दिसले. "आपल्याकडे ज्यूद्वेष कधी नव्हताच, त्यामुळे मी सावध नव्हते," असे तुम्ही लिहिता. या वाक्याचा पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे आणि आपण त्याचा अभिमानही बाळगतो. कोकणात बेने इस्राएल समाज तेलाचे घाणे चालवत असे आणि शनिवारी काम बंद ठेवत असे, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे गावांवरून आलेली. त्यांनी मराठीत कीर्तने रचली, मुंबईत १७९६ मध्ये पहिले प्रार्थनास्थळ बांधले, आणि २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. अलिबागजवळच्या एका सहकाऱ्याच्या घरी मी मलिदा खाल्ला आहे : भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे, खजूर, वर फळांच्या फोडी, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे नाव घेऊन सगळ्यांनी मिळून म्हटलेली प्रार्थना. ताटाभोवतीचे सगळे बोलणे माझ्या आजीच्या घरी असे तसेच मराठी. पण 'आपल्याकडे नव्हता' या वाक्याची एक अडचण आहे. ते माणसाला बेसावध करते. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रात माणसे ज्यू होती म्हणून हेरून मारली गेली, तेही महाराष्ट्रातच घडले. आणि आता जगभरातला मजकूर मोबाइलवरून मुलांपर्यंत पोचतो, त्यात ज्यूंचे जगावर गुप्त राज्य असल्याचा जुना बनावही असतो. १९०३ मध्ये रशियात छापलेला तो तथाकथित 'दस्तऐवज' बनावट असल्याचे लंडनच्या टाइम्सने १९२१ मध्येच सिद्ध केले होते. तरी तो मरत नाही.

त्या मुलीचे "आडनावावरून लक्षात येत नाही" हे वाक्य म्हणूनच मला जास्त छळते. लक्षात येत नाही यात तिला सुरक्षित वाटत होते, असा त्याचा अर्थ आहे. आपल्या नाशिकमध्ये हे कळायला फार लांब जावे लागू नये. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा दरवाजे सरळसरळ बंद होते. तुमच्या महाविद्यालयाचे दार तिच्यासाठी उघडे आहे, प्रवेश मिळाला आहे, शुल्क भरले आहे. तरी ती आत बसू शकत नाही. भेदभावाचे हे रूप दिसायला कठीण असते, कारण त्यात कुणी कुणाला अडवलेले नसते.

तुमच्या सहकाऱ्याच्या तक्रारीकडे वळते. त्यांनी जोडलेली व्याख्या इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेंबरन्स अलायन्स या आंतरराष्ट्रीय मंडळाने मे २०१६ मध्ये स्वीकारली. तिच्यासोबत अकरा उदाहरणे आहेत आणि त्यांतली काही इस्रायलविषयीच्या बोलण्याची आहेत. पण त्याच मजकुरात असेही म्हटले आहे की इतर कोणत्याही देशावर होते तशी टीका इस्रायलवर केली तर तिला ज्यूद्वेष मानता येत नाही, आणि ही व्याख्या कायद्याने बंधनकारक नाही. तिच्या मूळ मसुद्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न यांनीच पुढे अनेकदा सांगितले की विद्यापीठांतल्या बोलण्यावर बंधने घालण्यासाठी ती लिहिलेली नव्हती. २०२१ मध्ये काही अभ्यासकांनी जेरुसलेम घोषणापत्र या नावाने वेगळी मांडणी केली, तिच्यात ज्यूद्वेष आणि इस्रायलच्या धोरणावरची टीका यांच्यातली रेषा अधिक स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे. दोन्ही मजकूर दोन-तीन पानांचे आहेत. ते तक्रारीला जोडण्यापेक्षा मुलांच्या हातात द्या आणि कुठे पटते, कुठे नाही, हे त्यांना लिहायला सांगा. त्या सहकाऱ्यांनाही त्या तासाला बोलवा. त्यांची काळजी खरी असू शकते, कारण ते भयंकर वाक्य तुमच्याच चर्चासत्रात उच्चारले गेले. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र चुकीचा आहे.

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी याच प्रश्नात किती ठेचा खाल्ल्या ते पाहण्यासारखे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तीन नामवंत विद्यापीठांच्या अध्यक्षांना तिथल्या संसदेच्या समितीपुढे विचारले गेले की ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणे तुमच्या नियमांचा भंग ठरते का. "संदर्भावर अवलंबून आहे" अशा आशयाची उत्तरे आली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच तिघींपैकी दोघींना पद सोडावे लागले. त्यांचे उत्तर तिथल्या कायद्याच्या दृष्टीने अगदी चुकीचे नव्हते. तिथे नुसते दुखावणारे बोलणे वेगळे आणि एखाद्याला शिक्षण घेणेच अशक्य व्हावे इतका छळ वेगळा, असा भेद केला जातो, आणि तो भेद मला योग्य वाटतो. पण त्या प्रश्नाला उत्तर देताना "असे बोलणे निंद्य आहे" हे साधे वाक्य आधी आले नाही. त्यानंतर उलट बाजूने चूक झाली : निदर्शने, व्याख्याने, अभ्यासक्रम यांवर संशयाची नजर आली आणि पॅलेस्टिनी लोकांच्या दुःखाविषयी बोलणाऱ्या अनेकांना आपण गुन्हा करतो आहोत असे वाटू लागले. तुमच्या प्राचार्यांनी तोंडी दिलेली सूचना या दुसऱ्या चुकीची लहान आवृत्ती आहे.

म्हणून त्यांच्याकडे जा, पण भांडायला नाही. चर्चासत्राचा आराखडा, वाचनाची यादी आणि पहिल्या भागात काय घडले याचा एक पानी प्रामाणिक वृत्तांत लेखी द्या. त्यात तुमचे मौनही लिहा. सोबत विनंती करा की दुसरा भाग थांबवायचा असल्यास त्याचे कारण लेखी मिळावे. तोंडी 'तूर्त' पुष्कळदा कायमचे ठरते, आणि कारण कागदावर लिहायची वेळ आली की माणूस ते स्वतः एकदा तपासतो. विभागप्रमुखांना आधी विश्वासात घ्या. वर्तमानपत्राकडे किंवा समाजमाध्यमांवर जाऊ नका, कारण तिथे गेल्यावर ती मुलगी कोण हे नाशिकसारख्या शहरात दोन दिवसांत सर्वांना कळेल.

तो मुस्लिम विद्यार्थी तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन जातो, पण मला त्याच्याविषयी अधिक लिहायला हवे. त्याने मृत मुलांविषयी विचारले, त्यात गैर काही नव्हते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली, हे जसे सांगायला हवे, तसेच त्यानंतर गाझात हजारो मुले मेली हेही सांगायला हवे. ते वाक्य त्याचे नव्हते. त्याच्या प्रश्नावर दुसऱ्या कुणी ते चिकटवले, आणि आता दोष आपोआप त्याच्याकडे सरकतो आहे. हाही भेदभावच आहे. त्याला वर्गासमोर सांगा की तुझा प्रश्न योग्य होता आणि पुढच्या तासाला आपण तिथूनच सुरुवात करणार आहोत. एका राज्याच्या कृतीविषयी बोलणे आणि बाकावर शेजारी बसलेल्या माणसाविषयी बोलणे, या दोन गोष्टींतला फरक वर्गाला दाखवायचा असेल तर त्याचा प्रश्न आणि ते वाक्य शेजारी शेजारी ठेवा. पहिला प्रश्न कोणत्याही सरकारला विचारता येतो. दुसरे वाक्य माणसांनी जगावेच का, याविषयी आहे.

दुसऱ्या भागाची सुरुवात तुम्ही स्वतः करा, आणि मुलांना बोलू देण्याआधी हे सांगा : "मागच्या वेळी या खोलीत एक वाक्य उच्चारले गेले. मी ते तसेच जाऊ दिले, ती माझी चूक होती." मुलाचे नाव घेऊ नका, त्याच्याशी आदल्या दिवशी एकट्याने बोला, त्याला काय माहीत आहे ते विचारा, आणि तासाला मुद्दाम बोलवा. त्याला बाहेर काढलेत तर तो शिकणार नाही. पोलिसांत तक्रार करण्याचा सल्ला तुम्हाला कुणी दिला असेल तर तो मला पटत नाही. समाजांत वैर पसरवण्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ आहे आणि त्याची गरजही आहे, पण वर्गात एकदाच उच्चारलेल्या वाक्याला पहिले उत्तर शिक्षकाचे असावे. तेच बोलणे पुन्हा पुन्हा होऊ लागले, कुणाला उद्देशून होऊ लागले किंवा वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर येऊ लागले, तर मात्र प्रकरण वेगळे. तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समताविषयक नियमांत सांगितलेला समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांच्याकडे लेखी जायला हवे. ज्या वाचकांच्या महाविद्यालयांत असा कक्ष केवळ फलकावर आहे, त्यांनी तो चालवतो कोण याची चौकशी प्रसंग येण्याआधीच करून ठेवावी.

वाचनासाठी एक मजकूर सुचवते. महात्मा गांधींनी २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये ज्यूंविषयी लेख लिहिला. ज्यूंना ते ख्रिस्ती जगातले अस्पृश्य म्हणतात, त्यांच्याविषयी पूर्ण सहानुभूती व्यक्त करतात, आणि त्याच लेखात इंग्लंड जसे इंग्रजांचे तसे पॅलेस्टाइन अरबांचे, असेही लिहितात. जर्मनीतल्या ज्यूंना त्यांनी अहिंसक प्रतिकाराचा सल्ला दिला. त्यावर ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी १९३९ मध्ये दुखावलेल्या मनाने सविस्तर उत्तर लिहिले. हे दोन्ही मजकूर एका तासात वाचून होतात. पुढे भारताने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिले, १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली, १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला, आणि १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. ज्यूंविषयी सहानुभूती आणि पॅलेस्टिनींचा हक्क या गोष्टी एकाच माणसाच्या मनात, एकाच देशाच्या धोरणात एकत्र राहू शकतात, हे मुलांना तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा या कागदांतून कळू द्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. हो, फोन करा. चर्चासत्र घेतले तर तिच्यावर अन्याय होईल असे तुम्ही गृहीत धरले आहे, पण ते रद्द व्हावे असे तिने तुम्हाला सांगितलेले नाही. ती फक्त कोण आहे एवढे सांगून गेली. कदाचित तिला चर्चासत्र हवेच असेल, फक्त त्यात तिच्या बाजूने कुणीतरी उभे राहायला हवे असेल. तेव्हा आधी "मी त्या दिवशी बोलायला हवे होते, बोलले नाही," एवढे सांगा आणि थांबा. वर्गासमोर तिच्या समाजाविषयी बोलायला तिला सांगू नका, ते ओझे तिचे नाही. तिने स्वतःहून इच्छा दाखवली तर गोष्ट वेगळी. तिने तुम्हाला जिन्यात सांगितलेले तिच्या परवानगीवाचून प्राचार्यांनाही सांगू नका, आणि लेखी वृत्तांतात तिचा उल्लेख येऊ देऊ नका. दुसऱ्या भागात काय करणार आहात ते तिला आधी कळवा, आणि नको वाटले तर मधेच उठून जाण्याची मोकळीक द्या. ती आली नाही, तर तिच्या गैरहजेरीचे दिवस तिच्या अंतर्गत गुणांआड येणार नाहीत हे तुम्ही पाहा, वाचनाचे कागद तिच्यासाठी बाजूला काढून ठेवा, आणि आठवड्याने पुन्हा एकदा फोन करा.